पंच की दिवाणजी?

दोन मुलं, दोन मोबाइल आणि मध्ये वाघ-बकरीचा पट. ब्राउझरमध्ये उघडणारा एवढा साधा खेळ करायचा, तर दूरच्या सर्व्हरवर काय ठेवायचं आणि मुलांच्या हातातल्या फोनवर काय, हा प्रश्न प्रोग्रामर मंडळी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सोडवायला घेतात. पीएचपी वापरू की नोड, वेबसॉकेट लावू की साध्या विनंत्यांवर भागवू, असा वाद रंगतो आणि अवजारांच्या आवडीनिवडीवर येऊन थांबतो. पुण्यात किंवा नागपुरात बसून हा वाद घातला तर कुठलंही उत्तर चालून जातं, कारण तिथे जोडणी सहसा तुटत नाही आणि चुकीच्या निवडीची किंमत कुणाला मोजावी लागत नाही. भामरागडला ती मोजावी लागते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमावरचं हे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद होतो, शंभरावर गावांचा संपर्क तुटतो, आणि वीज व मोबाइल यांचा भरवसा नेमका त्याच दिवसांत सगळ्यात कमी असतो. म्हणून मी हा वाद तिथे नेऊन घालणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: डावाचं खरं-खोटं कुठे राहतं आणि ते किती वेळ आवाक्याबाहेर गेलं तरी चालतं, एवढं ठरवलं की अवजाराची निवड जवळजवळ आपोआप होते. हे म्हणणं तपासायला दोन माणसं समोरासमोर बसवतो. एक नागपूरचा प्रोग्रामर, दुसऱ्या भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मॅडम. दोघंही कल्पित आहेत. वाचकाला वाटेल, मॅडम साधेपणाची बाजू घेणार आणि प्रोग्रामर झगमगाटाची. पण वादाचा खरा काटा उलट्या बाजूला आहे.

मॅडम : भाऊ, दुर्गम हा शब्द कानावर पडला की तुम्ही लोक लगेच कापाकापी सुरू करता. चित्रं कमी, वेग कमी, सोयी कमी. मुंबईतल्या मुलाला समोरच्याचा वाघ झेप घेताना डोळ्यांसमोर दिसतो आणि आमच्या मुलांनी पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसायचं, असंच ना? केंद्र सरकारनं २०२२ मध्ये नक्षलप्रभावित भागातले २,३४३ टूजी मनोरे फोरजी करायला मंजुरी दिली. आज रेंज कमी आहे म्हणून तुम्ही खेळ कमी केलात, तर उद्या रेंज आल्यावरही आमच्या वाट्याला तोच कमी खेळ राहील. पावसाळ्याआधी नवसंजीवनी योजनेतून संपर्क तुटणाऱ्या गावांना धान्याचा आगाऊ साठा मिळतो. मिळायलाच हवा. पण साठा दिला म्हणजे पूल बांधायचं काम संपलं, असं कुणी म्हणू लागलं तर आम्ही ते ऐकून घ्यायचं का?

प्रोग्रामर : नाही मॅडम, ऐकून घेऊ नका. पण मी कापाकापीबद्दल बोलतच नाही. सर्व्हरचं काम काय, एवढंच विचारतो आहे. कामं तीन असतात. पहिलं, खेळाच्या फायली देणं. दुसरं, दोघांच्या डावाची एकच नोंद ठेवणं. तिसरं, ती नोंद खरी आहे याची खात्री करणं. एकट्यानं खेळायच्या खेळाला पहिलं काम पुरतं. गॅब्रिएले चिरुल्लीचा २०४८ हा खेळ २०१४ मध्ये जगभर पसरला, तेव्हा सगळं गणित खेळणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच होत होतं. जॉश वॉर्डलच्या वर्डलचंही तसंच. २०२१ च्या अखेरीस त्याचं वेड पसरलं, तेव्हा रोजच्या शब्दांची सगळी यादी पानाच्या कोडमध्येच पडलेली होती आणि तारखेवरून त्या दिवसाचा शब्द ठरत होता. कोड उघडणाऱ्याला उद्याचंही उत्तर दिसायचं. तरी कुणाचं बिघडलं? फसवणारा स्वतःलाच फसवत होता. वाघ-बकरीत मात्र समोर दुसरा माणूस आहे. म्हणजे नोंद आणि खात्री ही दोन कामं आली. ती करायला सर्व्हरनं डावभर डोळे लावून बसायला हवं का, एवढाच माझा प्रश्न.

इथे एका स्थानिक माणसाची आठवण काढणं सोयीचं आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे तोडलेली पानं जमा होतात तिथे, नोंद ठेवणारा दिवाणजी असतो. तो कुणाबरोबर जंगलात जात नाही. कुणी किती पानं कुठून तोडली, हे त्यानं पाहिलेलं नसतं. पुडे फळीवर आले की तो मोजतो, शंका आली तर एखादा पुडा सोडून पाहतो, नोंद करतो. कुस्तीच्या आखाड्यातला पंच याच्या अगदी उलट: प्रत्येक क्षणी हजर, आणि तो उठून गेला तर कुस्ती थांबते. सर्व्हरचे सगळे प्रकार या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी वाट. २०११ च्या डिसेंबरमध्ये तिचं प्रमाण ठरलं. २०१५ मध्ये आलेल्या आगार.आयओसारख्या खेळाला असाच पंच लागतो, कारण शेकडो गोळे एकाच मैदानात सरकत असतात आणि कोणी कुणाला गिळलं हे पाव सेकंदाच्या आत ठरावं लागतं. वाघ-बकरीत एक खेळी करून माणूस हनुवटीला हात लावून बसतो. तिथे पंचाला पगार कशाचा द्यायचा?

मॅडम : पगाराचं सोडा. उघडी वाट असेल तर खेळी लगेच पोचते, नाही तर फोनला दर दोन सेकंदांनी विचारत बसावं लागतं, "आली का खेळी, आली का खेळी?" यात डेटा जास्त जातो असं ऐकते. आमच्याकडे डेटा फुकट नाही.

प्रोग्रामर : हिशेब करून पाहू. दर दोन सेकंदांनी विचारलं तर तासाला १,८०० विनंत्या. एक विनंती आणि तिचं उत्तर मिळून हजारेक बाइट धरा. तासाला अठरा लाख बाइट, म्हणजे दोन एमबीच्या आत. वेबसॉकेटवर एका खेळीला मूळ मजकुराखेरीज जेमतेम सहा-आठ बाइट जास्त लागतात, म्हणजे तुमचं म्हणणं आकड्यांत खरं आहे. पण दोन एमबी हा खेळ मोडण्याइतका खर्च नाही. खरा खर्च बॅटरीचा, कारण प्रत्येक विनंतीला फोनचा रेडिओ जागा होतो. त्यावर उपाय सोपा आहे. समोरचा विचार करतोय असं दिसलं की विचारण्याचं अंतर वाढवत न्यायचं: दोन सेकंद, चार, आठ, मग तीस. पान डोळ्यांसमोर नसेल तेव्हा विचारायचंच नाही. आणि उघड्या वाटेचा एक खर्च कुणी मोजत नाही. फोनचा पडदा विझला, एक मनोरा सुटून दुसरा धरला, की ती वाट मरते. कित्येकदा मेल्याचं दोन्ही टोकांना काही काळ कळतही नाही. मग जिवंत आहेस का हे विचारणारे ठोके पाठवा, तुटली तर पुन्हा जोडा, जोडल्यावर मधल्या काळात काय राहून गेलं ते भरून काढा. हे सगळं लिहून झाल्यावर लक्षात येतं, की भरून काढण्याचा जो भाग लिहिला, तोच मुळात साध्या विनंत्यांचा सर्व्हर होता.

प्रोग्रामरचं हे शेवटचं वाक्य मला या सगळ्या वादातलं सगळ्यात वजनदार वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. सतत जोडलेल्या सर्व्हरमध्ये डावाची स्थिती बहुतेकदा चालू प्रक्रियेच्या स्मरणात ठेवली जाते. २००९ मध्ये आलेल्या नोडनं ही पद्धत फार सोपी केली. सोपी म्हणूनच ती धोक्याची. प्रक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झाली की पट कोरा. पीएचपीची गंमत अशी, की ही भाषा प्रत्येक विनंतीगणिक सगळं विसरते. १९९५ मध्ये आलेल्या या भाषेच्या विसरभोळेपणाला पुढे नावं ठेवली गेली. पण ज्याला काहीच आठवत नाही त्याला प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी लागते, आणि जे लिहिलेलं असतं ते वीज गेल्यावरही उरतं. अर्थात नोडमध्येही प्रत्येक खेळी लगेच डेटाबेसात लिहिता येते आणि पीएचपीतही गबाळं काम करता येतं. मुद्दा भाषेचा राहतच नाही. खेळ्यांची वही हेच एकमेव सत्य मानायचं, आणि पटावरची मांडणी त्या वहीवरून दर वेळी नव्यानं काढायची. नेपाळी बाघचालीत २५ घरं, चार वाघ आणि २० बकऱ्या असतात. आपल्याकडे पट आणि संख्या प्रदेशागणिक बदलते. डाव शंभर-दीडशे खेळ्यांचा झाला तरी पहिल्या खेळीपासून पुन्हा मांडायला यंत्राला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

वही म्हटली की दुबार नोंदीचा धोका आलाच. मुलानं खेळी पाठवली, सर्व्हरनं ती नोंदवली, पण "मिळाली" हे उत्तर परत येताना वाटेत हरवलं. फोनला वाटतं खेळी गेलीच नाही. तो पुन्हा पाठवतो. भामरागडात हे रोजचं असणार. इलाज पावतीपुस्तकाचा आहे: प्रत्येक खेळीला क्रमांक. अमुक डावातली बारावी खेळी एकदाच लिहिली जाईल. तीच बारावी पुन्हा आली तर सर्व्हर रागावणार नाही, आधीचंच उत्तर परत देईल; वेगळी बारावी आली तर नाकारेल. हे तपासायला चतुर कोड लागत नाही. डाव आणि खेळी-क्रमांक ही जोडी एकमेव असावी, एवढा नियम डेटाबेसाला सांगितला की दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी तो स्वतःच एकीला दार लावतो. २००० सालापासून वापरात असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल असते. त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं, ही त्याची मर्यादा नेहमी सांगितली जाते. शंभर पट एकाच वेळी चालू आहेत आणि प्रत्येकावर वीस सेकंदांनी एक खेळी होते असं धरा. सेकंदाला पाच नोंदी झाल्या. एवढ्यासाठी मोठा डेटाबेस आणणं म्हणजे बैलगाडीच्या वाटेला टोलनाका बसवण्यासारखं आहे.

मॅडम : हे सगळं पटलं असं धरू. पण माझा पहिला प्रश्न तसाच आहे. वाघ झेप घेताना दिसणार की नाही?

प्रोग्रामर : दिसणार. घंटा वेगळी ठेवायची आणि वही वेगळी. रेंज चांगली असेल तेव्हा वेबसॉकेटची वाट उघडायची, पण तिच्यावरून फक्त एक निरोप जाईल: "नवीन काही आलं आहे." तो ऐकला की फोन नेहमीच्या विनंतीनं वही वाचेल आणि वाघ झेप घेईल. घंटा वाजली नाही, तरी थोड्या वेळानं फोन स्वतः विचारेलच. म्हणजे घंटा बिघडली तर खेळ मंदावतो, मोडत नाही. मुंबईतला मुलगा आणि तुमच्या शाळेतला मुलगा एकाच पटावर, एकाच खेळात असतील. तुमच्यासाठी वेगळी, कमी प्रत काढायची गरज उरत नाही.

मॅडम : म्हणजे पूलही आणि साठाही.

प्रोग्रामर : हो. आणि पूल झाला तरी घरात साठा ठेवणारा माणूस वेडा ठरत नाही.

हे उत्तर चांगलं आहे, पण ते फुकट नाही, आणि हे प्रोग्रामरनं सांगायला हवं होतं. दोन वाटा म्हणजे दोन्हींची देखभाल. तरीही क्रम महत्त्वाचा: आधी वही, मग घंटा. उलट क्रमानं सुरुवात केली की वही कधीच नीट होत नाही, कारण प्रोग्रामरच्या टेबलावर घंटा नेहमीच वाजत असते. वेगाचं म्हणाल तर भौतिकशास्त्रालाही काही सांगायचं आहे. जिथे मनोऱ्याचा दुवा भूस्थिर उपग्रहातून जातो, तिथे संदेशाला ३५,७८६ किलोमीटर वर आणि तेवढंच खाली यावं लागतं. विनंती आणि उत्तर मिळून हे अंतर चार वेळा कापायचं, म्हणजे सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंही जवळजवळ अर्धा सेकंद गेला. सुरक्षित जोडणी पहिल्यांदा जुळवून पहिलं उत्तर येईपर्यंत अशा साधारण तीन फेऱ्या होतात. जवळजवळ दीड सेकंद तिथेच संपला. कोणतीही भाषा, कोणताही सर्व्हर हा अर्धा सेकंद परत आणू शकत नाही. जो खेळ अर्ध्या सेकंदावर हरतो-जिंकतो, तो अशा दुव्यावर न्यायानं खेळताच येत नाही. ज्या खेळात विचार करायला अर्धं मिनिट लागतं, त्याला या विलंबाचा पत्ताही लागत नाही. तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या लिचेस या मुक्त बुद्धिबळ-संकेतस्थळावर मिनिटांचे डाव वेबसॉकेटवर चालतात, जोडणीच्या विलंबाची काही भरपाई घड्याळात धरली जाते, आणि त्याच ठिकाणी एका खेळीला कित्येक दिवस मिळणारे डावही खेळता येतात. पोस्टकार्डावरच्या बुद्धिबळाची ही पुढची पिढी. तिला कुणी दुय्यम बुद्धिबळ म्हणत नाही.

परिस्थितीकडे पाहून सर्व्हर घडवण्याचं एक उदाहरण गडचिरोलीच्या शेजारीच घडलं आहे. सीजीनेट स्वर ही सेवा २०१० मध्ये छत्तीसगडात सुरू झाली. गोंडी बोलणाऱ्या ज्या गावांत इंटरनेट नव्हतं आणि लिहिता-वाचता येणारे थोडे होते, तिथल्या माणसाला साध्या फोनवरून आपली बातमी सांगता यावी, हा हेतू. माणूस मिस्ड कॉल देतो, सर्व्हर त्याला उलट फोन करतो, निरोप ध्वनिमुद्रित होतो, कुणीतरी तो तपासतं आणि मग तो इतरांना ऐकायला मिळतो. फोनचा खर्च बोलणाऱ्यावरून सर्व्हरवर गेला. या रचनेला मागासलेली म्हणणं शक्य आहे, पण मग जी अत्याधुनिक रचना त्या माणसापर्यंत पोचतच नाही, तिला काय म्हणायचं?

मॅडम : आता फसवणुकीचं बोला. पोरं हुशार असतात. खेळाचे नियम फोनवरच ठेवलेत, तर एखादा बकरीला दोन घरं उडवेल.

प्रोग्रामर : त्याच्या पडद्यावर खुशाल उडवू दे. वहीत लिहिताना सर्व्हर पट मांडून पाहील आणि ती खेळी नाकारेल. नियम दोन्हीकडे असतात. फोनवर असतात ते सोयीसाठी, बोट ठेवताच कुठे जाता येईल ते उजळावं म्हणून. सर्व्हरवर असतात ते खात्रीसाठी. वाघ-बकरीत एक मोठी सोय आहे, की लपवायचं काहीच नाही. पट दोघांना सारखा दिसतो. पत्ते असते तर समोरच्याचे पत्ते फोनवर पाठवताच आले नसते, कारण फोनवर आलेली कुठलीही गोष्ट पाहता येते. सापशिडी किंवा चौसर असता तर फासा सर्व्हरनंच टाकावा लागला असता. फोनवर टाकला तर सहा पडेपर्यंत पोरगं पान बंद-चालू करत बसेल.

म्हणजे कोणता खेळ निवडला, यातच सर्व्हर किती लागणार हे बरंचसं ठरून जातं. ज्यांना कमी भरवशाच्या जोडणीवर चालणारा पहिला खेळ करायचा आहे, त्यांनी नशीब आणि गुपित नसलेला खेळ निवडावा, असं मी तर सुचवेन. वाघ-बकरी, नवकंकरी, ज्यांचे पट आपल्याकडे लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडांवर कोरलेले सापडतात, ते खेळ योगायोगानं वेबसाठीही सगळ्यात सोयीचे निघतात. एक आक्षेप यावर उरतो. संगणकाच्या मदतीनं चाल शोधून खेळणाऱ्याला दिवाणजी पकडणार कसा? पकडणार नाही. पण पंचही पकडू शकत नाही. तो डोळे लावून बसला तरी त्याला दिसते ती कायदेशीर खेळीच. हा दोष सर्व्हरच्या रचनेत मोजणं बरोबर नाही.

मॅडम : आणि रेंज पूर्णच गेली तर? दहा दिवस?

प्रोग्रामर : तर सर्व्हर शाळेतच ठेवायचा. रास्पबेरी पायसारखी तळहाताएवढी पाटी, एक वायफाय राउटर, सौर पॅनेलवरची बॅटरी. त्यावर तीच पीएचपी, तीच एसक्यूलाइटची फाइल. शाळेच्या आवारातली मुलं बाहेरच्या जगाशिवाय खेळत राहतील. दुवा आला की वह्या वरच्या सर्व्हरकडे जातील. भांडण होणार नाही, कारण प्रत्येक डावाचं घर एकच असेल. शाळेत सुरू झालेला डाव शाळेच्याच वहीत लिहिला जाईल, वर जाईल ती फक्त प्रत. दुवा नाहीच आला तर पेनड्राइव्हवरूनही जाईल. एक अडचण मात्र मी लपवत नाही. पान फोनमध्येच साठवून ठेवणारी जी सोय ब्राउझरमध्ये आहे, सर्व्हिस वर्कर, ती सुरक्षित पत्त्यावरच चालते. शाळेतल्या पेटीला नुसता अंकांचा पत्ता दिला आणि प्रमाणपत्र नसलं, तर ब्राउझर ती सोय नाकारतो. म्हणजे शाळेच्या आवाराबाहेर गेलेल्या फोनवर खेळ उघडणार नाही. पेटीला खरं नाव आणि खरं प्रमाणपत्र द्यायचं, तर ते ठराविक मुदतीनं नवं करायला लागतं, आणि त्यासाठी पुन्हा इंटरनेट.

अशा बारीक खिळ्यांवरच मोठमोठ्या योजनांचं धोतर अडकतं. पण या पेटीमुळे वादाला एक वेगळाच फाटा फुटतो: वही कुणाकडे? गडचिरोली जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच होतं, आणि परवान्याशिवाय बांबू विकायचा कसा? ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं २०११ च्या एप्रिलमध्ये. हक्क आणि नोंदवही यांच्यातलं हे अंतर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. खेळाच्या वहीवर बांबूइतकं काही अवलंबून नाही, हे उघड आहे. तरी मुलांनी काय खेळलं, किती वाजता खेळलं, कोण कितीदा हरलं, ही नोंद कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर का असावी, याचं उत्तर "तशीच पद्धत आहे" यापलीकडे सहसा मिळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते असं ठरवलं. ज्या घरात एक फोन चौघं वापरतात, तिथे ईमेल आणि पासवर्ड मागणारा खेळ आधी वापरायला अवघड आणि मग कायद्यालाही अवघड. त्यापेक्षा नावच विचारू नये. डावाला एखादा लहानसा सांकेतिक शब्द द्यावा, तो मैत्रिणीच्या कानात सांगितला की ती पटावर बसेल. सर्व्हरला मूल माहीत नाही, फक्त वाघवाला आणि बकरीवाला माहीत आहेत. जे कधी लिहिलंच नाही, ते चोरीलाही जात नाही.

मॅडम : सूचना आमच्या मुलांच्या माडिया भाषेत असतील का?

प्रोग्रामर : सगळे शब्द एका फाइलीत वेगळे ठेवले आहेत. तुम्ही ती फाइल भरायची, मी कोडला हात लावायची गरज नाही. पटाची रेघारेघही तशीच, वेगळ्या फाइलीत. तुमच्या गावचा पट वेगळा असेल तर कोणतं घर कोणाला जोडलंय एवढी यादी बदला.

मॅडम : बरं. मग शेवटचं सांगा. एका खेळीला मुदत किती?

प्रोग्रामर : तीन दिवस ठेवली आहे. तीन दिवसांत खेळी आली नाही तर डाव समोरच्याचा.

मॅडम : म्हणजे पर्लकोटेला पूर आला की आमची सगळी पोरं हरली.

प्रोग्रामरनं मुदत सर्व्हरच्या कोडमध्ये एका ओळीत लिहिली होती, कारण ती त्याला तांत्रिक बाब वाटली होती. इतका वेळ वेबसॉकेट आणि साध्या विनंत्या यांवर जे बोलणं झालं, त्यात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, की घंटा वेगळी केली, वही जपली, दुबार खेळी अडवली, तरी या एका ओळीतून पंच मागच्या दारानं आत आला आहे आणि घड्याळ हातात धरून उभा आहे. मॅडमनी मागितलेली दुरुस्ती लहान आहे. मुदत कोडमध्ये न ठेवता डावाच्या नोंदीत एक रकाना म्हणून ठेवायची. डाव सुरू करताना दोघांनी ती ठरवायची. आणि शाळेच्या पेटीवर जून ते सप्टेंबर तो रकाना रिकामा ठेवायची मुभा शाळेला असेल. सर्व्हरनं रिकाम्या रकान्याचा अर्थ "वाट पाहा" असा लावायचा.